कामावर घेतांना देव कशाला विचारतां ?

(शेतकरी व कारागीर मंडळींच्या मेळाव्यांत झालेलें भाषण)



पाडवा जवळ आला कीं गांवोगांव सालगडी ठरविण्याची गडबड सुरू होते. खानदेशाकडे हीच गडबड आखाजीला असते. मालक ओट्यावर बसतो, गडी समोर उकिडवा बसतो, आणि सालाचे रुपये किती, दाणे किती, कपडे किती, उचल किती यांची घासाघीस चालते. या घासाघिशींत एक प्रश्न मोठ्यानें कोणी विचारीत नाहीं, कारण त्याचें उत्तर दोघांसही आधींच ठाऊक असतें. गडी कोणाचा, कोणत्या आळीचा, कोणत्या देवाचा, हा तो प्रश्न. एवढें कळलें कीं तो गोठ्यापर्यंत येणार कीं ओसरीपर्यंत, त्याला पाणी तांब्यानें मिळणार कीं ओंजळींत वरून ओतून, आणि पाऊस दगा देऊन गेला तर दोन गड्यांपैकीं आधीं कोणाला काढावयाचें, हें सारें ठरून जातें. आज आम्हांला बोलावयाचें आहे तें याच न विचारलेल्या प्रश्नावर.

देव आहे कीं नाहीं याचा वाद घालावयास आम्ही येथें आलों नाहीं. तुमच्यांत माळकरी आहेत, खंडोबाचे भक्त आहेत, पीराला नवस बोलणारे आहेत, बुद्धवंदना करणारे आहेत. ज्याचा भाव त्याच्यापाशीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, भाव एकाचा आणि उपास दुसऱ्याच्या पोराला, असा व्यवहार जेथें होतो तेथें धर्माचें नांव पुढें करून मागें दुसरेंच कांहीं चाललेलें असतें. काय चाललेलें असतें हें एका जुन्या गोष्टीवरून नीट दिसेल.

मुंबईच्या कापडाच्या गिरण्या आतां बहुतेक गेल्या. १९८२ च्या संपानंतर एकामागून एक बंद पडल्या आणि त्यांच्या जागेवर उंच इमारती उभ्या राहिल्या. परंतु कोंकणांतल्या आणि घाटावरच्या कितीतरी घरांचीं चूल, लग्नें आणि सावकाराचे हप्ते त्या गिरण्यांच्या पगारावर चालत होते. गिरणींत खातीं अनेक. कापूस पिंजण्याचें निराळें, सूत कातण्याचें निराळें, आणि कापड विणण्याचें निराळें. विणण्याच्या खात्याला कामगार साळखातें म्हणत. साळखात्यांत पगार कापडाच्या मापावर मिळे आणि हात चालणारा विणकर सूत कातणाऱ्यापेक्षां बरें कमावी. अर्थात् साळखात्यांत शिरावें ही ज्याची त्याची इच्छा.

तेथें अस्पृश्य मानलेल्या जातींच्या माणसाला मज्जाव होता. त्यानें रिंगखात्यांत सूत कातावें, हमाली करावी, झाडू मारावा. साच्यावर उभें राहूं नये. आणि कारण काय सांगत ? धोटा. धोट्यांतली कांडी संपली म्हणजे विणकर नवी कांडी घाली आणि सुताचें टोंक धोट्याच्या बारीक भोंकांतून बाहेर काढी. काढण्याची रीत अशी कीं भोंकाला ओठ लावावयाचे आणि जोरानें श्वास आंत ओढावयाचा, म्हणजे सूत तोंडाशीं येतें. दिवसांतून शेंकडों वेळां हें करावें लागे. धोटा कांहीं कोणाच्या घरचा नसे. आज एकाच्या तोंडीं, उद्यां बदलीवाल्याच्या तोंडीं. म्हणून इतर जातींचे विणकर म्हणत, महाराचें तोंड लागलेला धोटा आम्ही तोंडाला लावणार नाहीं, आमचा धर्म बुडतो.

बंधूंनो, ही कडी आंतून कोणीं लावली होती हें लक्षांत घ्या. तेथें पळीपंचपात्र घेऊन कोणी शास्त्रीबुवा उभे नव्हते. मालक बहुधा पारशी, गुजराथी नाहीं तर इंग्रज. त्यांना कापडाशीं मतलब. कडी लावणारे हात नांगर धरून आलेल्या मराठा-कुणब्यांचे आणि बलुतेंअलुतें सोडून मुंबईस आलेल्या कारागिरांचे होते. ज्यांना गांवीं भटाच्या ओटीवर चढतां येत नव्हतें, त्यांनींच गिरणींत आपल्यापुरती एक ओटी बांधली.

आतां या धर्माची परीक्षा करूं. नागपूर-वऱ्हाडाकडे महार मंडळी हातमागावर जाडेंभरडें कापड विणीत. कित्येक घरांचा तो पिढीजात धंदा. तें कापड बाजारांत जाई आणि कुणबी-तेली तेंच विकत घेऊन अंगावर घालीत. महारानें विणलेलें धोतर नेसून विठोबाच्या देवळांत गेलें तर विटाळ नाहीं, आणि मुंबईंत महारानें साचा चालविला तर मात्र विटाळ ! त्याच साळखात्यांत मुसलमान मोमीन विणकर पुष्कळ होते. ते तेथें होते, कारण विणण्याचा हुन्नर त्यांच्या हातीं होता आणि त्यांच्यावांचून साचे चालले नसते. गरज पडली कीं विटाळ मागें सरतो आणि पगाराची जागा राखावयाची असली कीं पुढें येतो, असा हा प्रकार.

आणखी एक गोष्ट ऐका. तोंडानें सूत ओढण्याची ही रीत इंग्लंड-अमेरिकेच्या गिरण्यांतही होती. त्या रीतीनें कापसाचा धुरळा आणि सुताचा रंग विणकराच्या घशांत जाई, एकाचा रोग दुसऱ्याच्या तोंडीं लागे. म्हणून अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स प्रांतानें १९११ सालीं कायद्यानें ती बंद केली. लँकेशायरमध्यें मात्र ती बंद व्हावयास १९५२ साल उजाडलें. तोंड न लावतां हातानें सूत ओवतां येईल असे धोटे निघाले होते. म्हणजे ज्याला खरोखर दुसऱ्याच्या तोंडाची शिसारी येत होती, त्याला मार्ग होता. सर्व विणकरांनीं एकजुटीनें मालकाकडे जावें आणि सांगावें कीं आम्हांला हातानें ओवण्याचे धोटे द्या, कोणाचेंच तोंड धोट्याला लागूं नये. त्यानें मराठ्याचीही छाती वांचली असती आणि मोमिनाचीही. पण विटाळाच्या नांवानें साळखात्याचें दार बंद ठेवणाऱ्यांना तें सुचलें नाहीं. क्षयाचा जंतु चालला, महार नको.

१९२८ सालीं मुंबईंत मोठा संप झाला. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सुमारें दीड लाख कामगार बाहेर होते. त्या वेळीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं संपाच्या पुढाऱ्यांना स्पष्ट विचारलें कीं, तुमच्या मागण्यांत आमच्या माणसाला साळखात्यांत घ्या ही मागणी आहे काय ? पुढाऱ्यांनीं कांकूं करीत ती मागणी यादींत घातली. मालकांशीं बोलणें झालें तेव्हां मालकांनीं उलट सुनावलें कीं, हा अन्याय असला तर त्याचे धनी आम्ही नव्हे. मालकाचें हें उत्तर अर्धें लबाडीचें होतें. माणूस घेण्याचा आणि काढण्याचा हुकूम ज्याच्या नांवानें निघतो, त्यानें मला ठाऊक नाहीं म्हणून चालत नाहीं. परंतु उरलेलें अर्धें खरें होतें, आणि तें कामगारांच्या तोंडावर मारलेलें होतें. दुसऱ्याच वर्षीं, १९२९ सालीं, पुन्हां संप पुकारला गेला तेव्हां आंबेडकरांनीं आपल्या लोकांस त्यांत पडूं नका म्हणून सांगितलें. त्यांना दोष देणारे पुष्कळ निघाले. आम्ही विचारतों, साळखात्याच्या दारांतून ज्याला बाहेर ढकललें, त्यानें त्याच दाराच्या राखणदारांसाठीं उपाशी कां मरावें ?

हीं दारें कोणाच्या हातीं असत ? मुकादमाच्या. गिरणींत माणूस लावणें आणि काढणें हें मुकादमाच्या जिभेवर होतें. तो आपल्या गांवचा, आपल्या जातीचा माणूस भरी, वर दस्तुरी घेई, सणाला कोंबडें घेई. आणि ज्याची दस्तुरी चुकली त्याच्या जागीं दुसऱ्या दिवशीं दुसरा उभा. विटाळ, भाऊबंदकी आणि लांच हीं तिन्ही एकाच माणसाच्या खिशांत असत, आणि कोणत्या कारणानें कोणाला काढलें हें काढलेल्याला कळत नसे. मजुरांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या शाही कमिशननें १९३१ च्या आपल्या अहवालांत या मुकादमीवर कडक टीका केली. १९३५ पासून मुंबईच्या गिरण्यांनीं बदली कामगारांना कार्डें देऊन त्यांच्यांतूनच माणसें घेण्याची पद्धत घातली, आणि पुढें १९४६ सालीं कारखान्यांना आपले नोकरीचे नियम लिहून टांगण्याची सक्ती झाली. छंटणी करावयाची तर शेवटीं आला तो आधीं जावा, हा नियम १९५३ सालीं कायद्यांत आला. या नियमांत देवाचें नांव नाहीं कीं जातीचें नाहीं; हजेरीपट पाहिला कीं झालें. ज्यांना कायद्याची भाषा रुक्ष वाटते त्यांनीं एवढें पाहावें कीं त्या रुक्षपणानें किती घरांची चूल राखली.

यावरून कोणी म्हणेल कीं, तुम्ही कामाच्या जागेवरून देवाला हद्दपारच करतां. तसें नाहीं. नारायण मेघाजी लोखंडे यांचें नांव तुम्ही ऐकलेलें आहे. 'दीनबंधु' चालविणारे, सत्यशोधक, आणि गिरणी कामगारांची पहिली संस्था काढणारे. त्यांच्या वेळीं गिरणी कामगाराला आठवड्याची नेमकी सुटी नव्हती. लोखंड्यांनीं १८८४ पासून सुटीची मागणी लावून धरली, आणि मागतांना सांगितलें कीं रविवार हा खंडोबाचा वार आहे, त्या दिवशीं आमच्या माणसाला देवाला जाऊं द्या. १० जून १८९० रोजीं मालकांनीं रविवारची सुटी कबूल केली. ती सुटी खंडोबा मानणाऱ्याला मिळाली, तशी न मानणाऱ्यालाही मिळाली. मोमिनाला मिळाली, ख्रिस्त्याला मिळाली, आणि महारालाही मिळाली. कामगार आपला देव घेऊन मालकाकडे गेला आणि सर्वांसाठीं विश्रांति घेऊन आला. आम्हांला अशा भक्तीबद्दल तक्रार नाहीं. मुसलमान गड्यानें शुक्रवारीं दोन घटका नमाजाला मागितल्या, वारकरी गड्यानें आषाढींत पंधरा दिवस मागितले, तर बैल तेवढ्यानें उपाशी मरत नाहींत. रजा किती आणि त्या दिवसांचा हिशेब कसा, हें पाडव्यालाच बोलून टाकावें आणि दोघांनाही एकच माप लावावें. वारकऱ्याला पंधरा दिवस आणि नमाजवाल्याला दोन घटका नाहीं, असें झालें कीं पुन्हां गिरणीचा धोटा आला.

"पण जें काम मुळांतच देवाचें आहे तेथें काय ?" हा प्रश्न आम्हांला नेहमीं विचारतात. भिक्षुक ठेवावयाचा तर ब्राह्मणच हवा ना ? या प्रश्नाचा निकाल आपल्या पूर्वजांनीं कोर्टांत लावून घेतलेला आहे. जुन्नर तालुक्यांत ओतूर म्हणून गांव आहे. तेथील बाळाजी कुसाजी पाटील यांनीं १८८४ सालीं घरचीं लग्नें ग्रामजोशाला न बोलावतां सत्यशोधक रीतीनें लावलीं. जोशी कोर्टांत गेला. त्याचें म्हणणें, मला बोलवा अगर न बोलवा, मी वतनदार आहे, माझी दक्षिणा मला मिळालीच पाहिजे. काम न करतां मजुरी मागण्याचा असा दावा कोणा लोहारानें किंवा सुतारानें केला असता तर गांवानें त्याला वेड्यांत काढलें असतें ! खटला हायकोर्टापर्यंत गेला आणि १८९० सालीं निकाल पाटलांच्या बाजूनें झाला. तरीही जोश्यांचे दावे सरसकट थांबले नाहींत. १९२६ सालीं सीताराम केशव बोले यांच्या खटपटीनें मुंबई कायदेमंडळांत कायदा झाला आणि न केलेल्या विधीबद्दल दक्षिणा मागण्याचा हक्क संपला. ज्याला काम सांगितलेलें नाहीं त्याला मजुरी नाहीं, आणि कोणाला काम सांगावयाचें हें यजमानाच्या मर्जीवर, हा न्याय आपण तेव्हां मिळविला. मोठ्या देवळांत सुद्धां आतां जन्माऐवजीं ज्ञान पाहण्याची सुरुवात झाली आहे. पंढरपुरांत बडवे-उत्पातांचे वंशपरंपरेचे हक्क सुप्रीम कोर्टानें जानेवारी २०१४ मध्यें संपुष्टांत आणले, आणि त्याच वर्षीं मंदिर समितीनें जाहिरात देऊन सर्व जातींच्या पुरुषांचे व बायकांचे अर्ज पुजेच्या कामासाठीं मागविले. केरळांत त्रावणकोर देवस्वम मंडळासाठीं २०१७ सालीं परीक्षा घेऊन ३६ ब्राह्मणेतर पुजारी निवडले गेले, त्यांत ६ दलित होते. देवाच्या गाभाऱ्यांत जर परीक्षा घेऊन माणूस घेतां येतो, तर तुमच्या गोठ्यांत, दुकानांत आणि भटारखान्यांत कां येऊं नये ?

भटारखान्यावरून आठवलें. पुण्यांत २०१७ सालीं एका शिकल्यासवरल्या घरांतून स्वयंपाकाच्या बाईवर पोलिसांत फिर्याद गेली. आरोप काय, तर घरच्या धार्मिक कार्याला ब्राह्मण सुवासिनीच्या हातचा स्वयंपाक हवा होता, आणि या बाईनें तशी नसतांना तशी आहें म्हणून काम मिळविलें. स्वयंपाक बिघडला अशी तक्रार नव्हती. अन्न चांगलें होतें, खाणारे तृप्त होते, सोंवळें मोडलें तें आडनांव कळल्यावर ! महाराष्ट्रभर गवगवा झाला आणि आपल्या लोकांना राग आला, तो योग्यच होता. परंतु चार वर्षांनीं, १९२१ नव्हे, २०२१ सालच्या डिसेंबरांत, उत्तराखंडांतील चंपावत जिल्ह्यांत एका सरकारी शाळेंत दलित बाईला मुलांचा स्वयंपाक करण्यास नेमलें, तेव्हां वरच्या जातींच्या मुलांनीं जेवण्याचें सोडलें आणि शेवटीं नेमणुकींत दोष काढून त्या बाईलाच कामावरून दूर केलें. ओरड झाल्यावर पुढें तिला परत घेतलें. पुण्याच्या बाईबद्दल ज्यांचें रक्त तापलें, त्यांनीं चंपावतच्या बाईचीही बातमी तितक्याच रागानें वाचली काय ? आपल्या गांवच्या शाळेंत खिचडी कोण शिजवितें आणि तिला कां नेमलें, हें पाहून आलें म्हणजे उत्तर मिळेल.

घरच्या देवाच्या नैवेद्याला काय लागतें तें तुम्ही सांगा. आंघोळ करून या म्हणा, धूतवस्त्र नेसा म्हणा, कांदा-लसूण घालूं नका म्हणा. या कामाच्या अटी झाल्या. त्या कोणालाही पाळतां येतात. जन्म कोठें घ्यावा ही अट कोणालाच पाळतां येत नाहीं, आणि जी अट माणसाला पाळतांच येत नाहीं तिच्यावरून त्याची मजुरी बुडविणें याला आम्ही धर्म म्हणत नाहीं.

माणसानें धर्म बदलला म्हणूनही काम जातें. १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपुरास बाबासाहेबांनीं बौद्धधर्म घेतला आणि लाखों लोक त्यांच्यामागें गेले. त्यांनीं गांवीं परत येऊन मेलेलीं ढोरें ओढावयाचें सोडलें, तेव्हां कितीतरी गांवांनीं त्यांना शेतावर बोलावणें बंद केलें, दळण बंद केलें, किराणा बंद केला. काल हाच माणूस नांगर धरीत होता. आज त्याचा देव बदलला तर नांगर धरण्याची अक्कल गेली काय? गेली होती ती फुकटची वेठ. ढोर ओढावयास आणि सांगावा पोंचवावयास हक्काचा माणूस उरला नाहीं, त्याचा तो राग, आणि त्या रागाला नांव दिलें धर्माभिमानाचें. १९५५ च्या अस्पृश्यतेच्या कायद्यानें असा बहिष्कार गुन्हा ठरविला होता. १९७६ सालीं तो कायदा सुधारला आणि ढोर ओढण्याची सक्ति हाही गुन्हा झाला. महाराष्ट्रानें सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा निराळा कायदा केला. कायदे झाले तरी फिर्याद देणारा उद्यां कोणाच्या शेतावर जाणार हा प्रश्न त्याच्यापुढें उभाच असतो.

सरकारनेंही या बाबतींत हात धुतलेले आहेत असें नाहीं. १९५० च्या हुकुमानें अनुसूचित जातीच्या सवलती, आणि त्यांतून मिळणाऱ्या राखीव नोकऱ्या, हिंदु म्हणविणाऱ्यालाच ठेवल्या. थोड्या शीख जाती आरंभापासून होत्या, बाकीचे शीख १९५६ सालीं आले. बौद्धांना १९९० पर्यंत वाट पाहावी लागली. ज्याचे पूर्वज त्याच वाड्यांतले, पण ख्रिस्ती किंवा मुसलमान झाले, तो त्या यादींत अद्याप नाहीं. गांव त्याला जुन्या जातीनेंच ओळखतो. कचेरी मात्र म्हणते कीं तुझी जात धर्माबरोबर गेली. गांवाचा न्याय एक आणि कचेरीचा दुसरा, आणि दोन्हींकडे त्याचें नुकसान.

राज्यघटनेनें सरकारी नोकरींत धर्म व जात पाहून भेद करूं नये असें सांगितलें. खाजगी मालकाला धर्मावरून माणूस नाकारतां येणार नाहीं, असा सरसकट कायदा मात्र आपल्याकडे अद्याप नाहीं. त्याचा परिणाम काय होतो हें सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनीं मोजून दाखविलें. त्यांनीं वर्तमानपत्रांतील खाजगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठविले. शिक्षण सारखें, लायकी सारखी; फरक फक्त नांवांत. कांहींवर वरच्या जातीच्या हिंदूचें नांव, कांहींवर दलिताचें, कांहींवर मुसलमानाचें. २००७ सालीं निष्कर्ष छापून आला. वरच्या जातीच्या नांवाशीं ताडून पाहतां दलित नांवाला पुढचें बोलावणें येण्याचा संभव सुमारें दोनतृतीयांश, आणि मुसलमान नांवाला एकतृतीयांश. त्या अर्जदारांचा चेहरा कोणी पाहिला नव्हता, त्यांच्या हातचें पाणी कोणी प्यालें नव्हतें. कागदावरच्या नांवाचा विटाळ झाला. आणि हे मालक म्हणजे मोठमोठ्या शहरांतील इंग्रजी शिकलेले लोक.

"माझें शेत, माझा पैसा, मी कोणाला ठेवावें हें सांगणारे तुम्ही कोण?" असें कोणी मनांत म्हणत असेल तर त्यांचें उत्तर द्यावयास आम्ही बांधलेले आहों. दोन एकरांच्या धन्यानें घरचाच पुतण्या मदतीला घेतला तर आम्ही त्याला जाब विचारणार नाहीं. पण जेथें पांच-पंचवीस माणसें लागतात, जेथें पैसा सर्वांचा आहे, तेथें ही भाषा चालत नाहीं. आणि असा पैसा आज कोणाच्या हातीं आहे ? शाहू छत्रपतींनीं २६ जुलै १९०२ रोजीं करवीर दरबारांत रिकाम्या होणाऱ्या जागांपैकीं निम्म्या मागासलेल्यांसाठीं राखल्या, तेव्हां कचेऱ्यांत आपला माणूस औषधाला सुद्धां सांपडत नव्हता. लायकीचा माणूस मिळत नाहीं असें तेव्हां कारभारी सांगत. आज साखर कारखाने आपले, दूधसंघ आपले, पतपेढ्या आपल्या, शाळा-कॉलेजें चालविणाऱ्या संस्था आपल्या. आणि तेथें चिटबॉय, पहारेकरी, शिपाई, शिक्षक घेतांना "लायकीचा माणूस मिळत नाहीं" हेंच वाक्य आतां आपले संचालक बोलतात. मुलाखत आधीं, यादी आधीं तयार, आणि मग जाहिरात ! कारखान्याच्या सत्यनारायणाला जो येत नाहीं, ज्याची दाढी निराळ्या घाटाची आहे, जो चेअरमनच्या गुरुमहाराजांच्या पारायणाला बसत नाहीं, त्याचें हंगामी काम हंगामाबरोबर संपतें आणि दुसऱ्याचें मात्र कायम होतें. जुन्या मुकादमाला निदान दस्तुरी मागतांना लाज झांकावी लागे.

कारागीर मंडळींनीं यांत आपण बाहेर आहों असें समजूं नये. सुतारशाळेंत, लोहाराच्या भट्टीवर, शिंप्याच्या दुकानांत शिकाऊ पोरगा घेतांना तो कोणाचा हें पाहिलें जातेंच. हुन्नर जातीबाहेर जाऊं नये म्हणून कोणी विश्वकर्म्याची आण घालतो. पण तुमचींच पोरें रंधा सोडून शहरांत कारकुनी शोधीत आहेत, आणि रंधा शिकावयास आलेल्या दुसऱ्याच्या पोराला दारांतून परत पाठवितां. मग दहा वर्षांनीं तुमचा हुन्नर कोण चालविणार ?

आतां करावयाचें काय, तें थोडक्यांत. पाडव्याला गडी ठरवितांना काम काय, वेळ किती, साल किती, सणावाराची रजा किती, हें चार माणसांदेखत बोला आणि जमल्यास कागदावर घ्या. काढावयाचा असेल तर कारण त्याच्या तोंडावर सांगा, त्याचें ऐकून घ्या, आणि झालेल्या दिवसांचा पैसा त्याच दिवशीं द्या. दोघांपैकीं एकाला कमी करणें भाग असेल तर मागून आलेला आधीं जावा. आमच्या मायबहिणींनीं एक करावें. शेतावरच्या बायांसाठीं आणि गड्यासाठीं निराळी कपबशी वळचणीला खोंचलेली असेल तर ती काढून आणावी आणि घरच्या कपबशांबरोबर घासून ठेवावी. पुरुषांच्या सभेंत ठराव होतात, पण कपबशी कोणती द्यावयाची हें तुम्ही ठरवितां.

आणि जे सभासद आहेत, मग ते कारखान्याचे असोत, दूधसंघाचे असोत, पतपेढीचे असोत, त्यांनीं वार्षिक सभेची नोटीस आली कीं प्रश्न लेखी द्यावा. गेल्या वर्षांत किती माणसें घेतलीं, अर्ज किती आले होते, निवड कोणत्या गुणांवर झाली, किती हंगामी माणसें कमी केलीं आणि तीं कोणत्या क्रमानें. आवाजी मतदानानें सभा अर्ध्या घटकेंत गुंडाळण्याची चाल सर्वांना ठाऊक आहे. म्हणून अर्जाची पोंच घ्या, दहा जणांच्या सह्या घ्या, आणि त्या सह्यांत बौद्धवाड्यांतला सभासद असावा, मुसलमान सभासद असावा, हें आधीं पाहा. त्यांचीं नांवें सभासदांच्या यादींतच नसतील, तर पहिला प्रश्न तोच विचारा.